नवरीच्या आईचं नाव

मी लग्नं लावत असे. शहरातले वाचक हे वाचून दचकतील, म्हणून आधी खुलासा करते. आम्हा आगरी लोकांत पूर्वी लग्न भटजी लावत नसे, बाई लावी. तिला धवलारीण म्हणतात. मंत्र नाहीत, पोथी नाही. धवले नावाची गाणी असतात, ती तिनं तोंडपाठ म्हणायची. हळद दळण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत प्रत्येक कामाचा धवला वेगळा. तांदळाच्या पिठाचा चौक भरायचा तो तिनंच, आणि तिनं पहिली ओळ उचलल्याखेरीज नवऱ्यामुलाला हळदीचं बोटसुद्धा कुणी लावायचं नाही. बरोबर दुसरी बाई असते, ती ओळ झेलते, म्हणजे पहिलीचा श्वास सरला की तिथून पुढे नेते. ढोलकी नाही, पेटी नाही. दोन बायांचे गळे आणि दोन-तीन दिवस चालणारं काम. मोबदला म्हणजे लुगडं-चोळी, तांदूळ, नारळ, आणि मांडवातला पाट. त्या पाटाचा मान असा की गावचा पाटील समोर आला तरी धवलारणीनं उठायचं नाही.

भिवंडीच्या मंडळींनी दिवाळी अंकासाठी कामाचे अनुभव लिहा म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांना बहुतेक गमतीजमती हव्या असाव्यात. त्या आहेत. एका लग्नात वराचा बाप धवल्याच्या मधोमध येऊन विचारून गेला की अजून किती राहिलंय, ट्रकवाला खोळंबलाय. एका ठिकाणी नवरदेव कापडाच्या लूमवरची पाळी संपवून थेट मांडवात आला आणि हळद लागता लागता पाटावर बसल्या बसल्या झोपला. मी धवला लांबवला, तेवढीच त्याची झोप झाली. पण मला सांगायचं आहे ते हे नाही. मी आई झाले तेव्हा माझं काय झालं, आणि त्यातून एक धवला कसा रचला गेला, ते सांगायचं आहे. तो धवला आमच्या बाजूला अजून कुठे कुठे म्हणतात. फार जुना आहे असं सांगून म्हणतात.

माझं माहेर दिघाशीच्या बाजूला. धवले शिकले ते गोमी मावशीकडून. मावशीला मूल नव्हतं. गावात तिचा दरारा होता आणि कौतुक करणं तिच्या स्वभावात नव्हतं. शाळेतून आले की मी तिच्या ओटीवर बसून ओळ झेलायची. चुकले की ती गप्प व्हायची आणि मी नीट सुरू करेपर्यंत माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. सातवी पास होईपर्यंत माझे बहुतेक धवले पाठ झाले होते.

लग्न होऊन भिवंडीजवळच्या वळ गावी आले. आज तिथं गोदामंच गोदामं आहेत, तेव्हा भाताची खाचरं होती. माहेरचं माझं नाव यमुना. ते बदलून शालिनी झालं. आमचे मालक, म्हणजे यजमान, भिवंडीला लूमवर कामाला जात, त्यांना शालिनी हे नाव शिकल्यासवरल्या बाईचं वाटलं. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. सासरी मान होता. सून धवलारीण आहे हे सासू शेजारणींना दोन-दोनदा सांगायची. लग्नसराईत मी मावशीबरोबर जायची आणि आलेल्या लुगड्यांतलं एक सासूला द्यायची. सगळं बरं चाललं होतं.

मग सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास कल्पना झाली.

बाळंतपण अवघड गेलं. उठून बसायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की धवले गेले. पहिली ओळ आठवायची, दुसरी नाही. कधी दुसरी आठवायची आणि ती कुठल्या धवल्यातली हे कळायचं नाही. पोरीला झोपवताना कुठलीही आई काहीतरी गुणगुणते, माझ्या तोंडून सूरच निघत नसे. मी तिच्याकडे बघत बसायची आणि ती माझ्याकडे. सासू म्हणाली बाळंतवारं आहे, डोकं बांधून ठेव. मी डोकं बांधलं. आज दवाखान्यात या गोष्टीला नाव असेल. त्या वेळी आमच्या घरात नाव ठेवलं गेलं ते फक्त पोरीचं.

घरात गाण्याची सोयही नव्हती. मालकांची रात्रपाळी असली की ते दिवसभर झोपत. बारा तास लूमचा खडखडाट ऐकून आलेल्या माणसाला भांड्याला भांडं लागलेलंही सहन होत नाही, हे मला कळत होतं. पोर रडली की तिला उचलून मागच्या अंगणात जायचं, स्वयंपाक करायचा तो पावलं न वाजवता. पण गळ्यावर जगणाऱ्या बाईनं दोन वर्षं कुजबुजत काढली तर तिचं काय होतं, ते त्यांना कळत होतं की नाही, कोण जाणे. त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

नावाचंही तेच. ज्यांनी हौसेनं शालिनी नाव ठेवलं तेच आता मला कल्पनाची आई म्हणू लागले. विहिरीवर कल्पनाची आय, वाण्याकडे कल्पनाची आय. कुणी लग्नाची सुपारी घेऊन आलं की सासू ओटीवरूनच सांगायची, ती आता लेकुरवाळी झाली, तिला नाही जमायचं. कुणाकुणाला परत पाठवलं ते मला नंतर कळायचं, भांडी घासताना, सहज बोलल्यासारखं.

एकदा माहेरी गेले तेव्हा मावशीला सांगितलं की मला काही आठवत नाही. मला वाटलं ती चिडेल. ती म्हणाली, विसरलीस तर परत शीक. आणि माझ्या मांडीवर पोर असतानाच तिनं हळदीच्या धवल्यापासून सुरुवात केली, मी नऊ वर्षांची असताना केली होती तशी. मी रडायला लागले. रडणं धवल्यासाठी नव्हतं. मी म्हटलं, मावशी, तुला अजून सगळा गाव गोमी म्हणतो, माझं एकही नाव कुणी घेत नाही.

मावशी म्हणाली, "मना आय करनारा कोन झालाच न्हाय, म्हनून माजं नाव ऱ्हायलं. तुला पोर हाय, मना नाव हाय. दोनी येका बाईला कोन देत न्हाय."

तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. पण त्या दिवसानंतर मी तिच्यासमोर कधी तक्रार केली नाही.

त्याच सराईत दिघाशीला एक लग्न होतं. सुपारी मावशीची होती आणि ऐन वेळी तिचा गळा सुजला. मी पुढे व्हावं आणि ती मागून जमेल तेवढं झेलेल, असा तिचा निरोप आला. सासूनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, जायचं तर पोर घेऊन जा, मी सांभाळणार नाही. त्यावर मी गप्प बसेन अशी तिची अटकळ होती. मी दीड वर्षाच्या कल्पनाला कडेवर घेऊन एस.टी.त बसले.

त्या मांडवात माझी काय दशा झाली ते सांगते. हळदीचा धवला चालू असताना पोर रडू लागली. तिच्या रडण्यानं मला पान्हा फुटला आणि चोळी भिजली. नवरीचा चुलता पुढे आला आणि म्हणाला की पोरीला बाहेर नेऊन पाजा, मांडव ही त्याची जागा नाही. मी उठले असते तर धवला तुटला असता, आणि तुटलेला धवला म्हणजे अपशकुन, असं म्हणायला तोच पहिला पुढे आला असता. मी पोरीला पदराखाली घेतलं आणि ओळ सोडली नाही. नवरीच्या आजीनं त्या चुलत्याला दंडाला धरून खाली बसवलं. पाजता पाजता गाणं सोपं नसतं. पोर ओढते तिथं श्वास तुटतो. मावशीनं सुजलेल्या गळ्यानं माझे तुटलेले श्वास झेलले.

दुसऱ्या दिवशी सोपवणी होती. म्हणजे नवरीची आई मुलीचा हात सासरच्यांच्या हाती देते तो विधी. त्याचा धवला मोठा आहे आणि त्यात सगळ्यांची नावं येतात. नवरीचं, नवऱ्याचं, दोन्ही बापांचं, मामाचं. आईचं नाव येत नाही. धवल्यात ती नवरीची माय असते, बस. मी तिथपर्यंत आले आणि पुढची ओळ गेली. मावशीकडे पाहिलं, तर ती खोकत होती. समोर नवरीची आई ताट धरून उभी होती. तिचा चेहरा मी नीट पाहिला. तो चेहरा मी रोज घरच्या आरशात बघत होते. आपल्याला इथं कशाला उभं केलंय ते विसरून गेलेल्या बाईचा चेहरा.

आणि माझ्या तोंडून आलं,

"पोरीची माय, पोराची माय, माय माय म्हनती सारी,
मायच्या आधी कोन व्हती गो, सांगा मांडवातल्या नारी."

चाल धवल्याचीच होती, म्हणून पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं नाही. मी दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा बाया एकमेकींकडे बघू लागल्या. प्रश्न विचारला होता आणि उत्तर कुणालाच माहीत नव्हतं. नवरीच्या बापानं तोंड उघडलं आणि मिटलं. घरच्या बायांनी नवरीच्या आईला वीस वर्षं 'दामूची आय' म्हटलेलं. शेवटी मागून, पाण्याच्या हंड्यापाशी उभी असलेली एक बाई बोलली. ती तिची माहेरची बहीण होती. म्हणाली, रखमी, आमची रखमी.

मी ते नाव ओळीत घेतलं आणि लांबवून म्हटलं.

नवरीच्या आईनं "ओ" दिली. कुणी दारातून हाक मारल्यावर देतात तशी, साधी. मग तिला कळलं की आपण भर मांडवात ओ दिली, आणि ती लाजली. कुणी हसलं नाही.

मावशी निघताना म्हणाली, तू धवला मोडलास. आणि पुढच्या लग्नात सोपवणी आली तेव्हा तिनं स्वतः ती ओळ उचलली. शब्द न शब्द तसाच. तिनं कधी मला शाबासकी दिली असेल तर ती एवढीच.

त्या दिवसापासून माझे धवले परत आले. सगळे एकदम नाहीत, पण आले. शिवाय नवे सुचायला लागले. भात लावताना, जात्यावर, चुलीपुढे ओळी जुळवायची. मालक झोपलेले असत म्हणून ओठ मिटून जुळवायची. तोंड न उघडता धवला म्हणायला मी तेव्हा शिकले. त्यातले पुष्कळ वाऱ्यावर गेले, पण ते माझे होते. मी आई झाले नसते तर ते झाले नसते, हेही खरं, आणि आई झाल्यानंच त्यातले निम्मे कुणाच्या कानावर पडले नाहीत, हेही खरं.

दिघाशीची गोष्ट वळला पोचली आणि सुपाऱ्या वाढल्या. सासूला आता दारातून लोक परत पाठवणं जड जाऊ लागलं. तिनं माझ्याशी सौदा केला. जायचं तर जा, पण पोर माझ्याकडे राहील आणि तिचं काय करायचं ते मी ठरवीन. मी हो म्हटलं. दुसरा कुठला रस्ता होता ते मला अजून दिसत नाही.

माघापासून वैशाखापर्यंत मी मांडवात आणि पोर आजीच्या कुशीत. घरात धाकटे दीर आणि नणंद मला वैनी म्हणत आणि सासूला आई. पोर तेच ऐकून शिकली. सासूला आई म्हणू लागली आणि मला वैनी. सुरुवातीला सगळे हसले, मीही हसले. पुढे मी तिला समजावून पाहिलं, धपाटाही घातला. ती माझ्यासमोर दोन दिवस आई म्हणायची आणि तिसऱ्या दिवशी विसरायची. आज ती स्वतः दोन मुलांची आई आहे आणि फोनवर मला विचारते, वैनी, गुडघा कसा आहे?

एका वर्षी मी तीन दिवसांचं लग्न आटोपून घरी आले, तर पोर दारात उभी, डोकं तुळतुळीत. वज्रेश्वरीला तिचं जावळ काढायचा नवस होता, मला माहीत होतं. सराई संपल्यावर जायचं ठरलं होतं. सासूनं माझ्या भावाला परस्पर बोलावून घेतलं, त्याच्या मांडीवर पोरीला बसवून जावळ काढलं, अकलोलीच्या गरम कुंडावर तिला अंघोळ घातली आणि परत आणली. मी विचारलं, थांबता आलं नसतं का? सासू म्हणाली, तुझ्यासाठी देवी थांबेल, पोरीचे केस थांबतात का? मी त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, तर ती आजीच्या मागे लपली. तिनं मला ओळखलं नाही असं नाही. तिला माझा हात नको होता.

लोक विचारतात, तुम्ही संसार आणि कला यांचा तोल कसा सांभाळला? असं विचारणाऱ्या बहुतेक कामाला जाणाऱ्या तरुण मुली असतात आणि त्यांना काहीतरी उपयोगाचं उत्तर हवं असतं. माझ्याकडे नाही. मावशी म्हणायची तू अर्धी धवलारीण, सासू म्हणायची तू अर्धी आई. दोघी खरं बोलत होत्या. दोन अर्ध्यांची बेरीज एक होते असं शाळेत शिकवतात, ते बाईच्या बाबतीत होत नाही.

पण त्या वर्षांत मी काम केलं आणि ते चांगलं केलं, हेही सांगायला मी लाजणार नाही. आईच्या नावाचा धवला घ्यायचा म्हणजे नाव आधी माहीत हवं, म्हणून मी लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आईला एकटीला गाठायची. तेव्हा बाया काय काय सांगत. एक बाई उन्हातून चालत माझ्या घरी आली, मुलीचं लग्न चार महिन्यांवर होतं, आणि म्हणाली, माझं नाव द्वारका, विसरू नका, आमच्याकडे कुणाला विचाराल तर कुणी सांगणार नाही. एकीचा नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला की लग्न पोरीचं आहे, बायकोचं नाव चारचौघांत कशाला काढता? मी त्याला विचारलं की तुमचं नाव घेतलं तर चालेल ना? ते चालणार होतं. मग मी दोघांचंही घेतलं, आणि त्या घरातून मला परत कधी सुपारी आली नाही.

एकदा पायगावच्या बाजूला पाहुणी म्हणून गेले होते. तिथल्या धवलारणीनं सोपवणीला माझा धवला उचलला. शब्द थोडे बदलले होते, चाल तीच. मी शेजारच्या बाईला विचारलं, हा धवला कुठला? ती म्हणाली, आमच्या पणजीच्या वेळचा. सगळ्या आयांची नावं त्या धवल्यात होती, रचणारीचं नव्हतं. मी सांगितलं असतं तरी कुणी विश्वास ठेवला नसता. आणि जेवण चांगलं होतं, भांडण कशाला.

पुढे दिवस बदलले. लूमवर काम करणाऱ्या पोरांच्या हाती पैसा आला, मांडवात लाऊडस्पीकर आला. एका लग्नात मी हळदीचा धवला म्हणत होते आणि डोक्यावर भोंग्यातून सिनेमाचं गाणं वाजत होतं. मी बंद करा म्हटलं नाही. मी पूर्ण म्हटला, एकाही माणसाला ऐकू न जाता. नवऱ्याची बहीण नंतर म्हणाली, मावशी, तुम्ही नुसते ओठ हलवलेत तरी चाललं असतं. मग भटजी आले. आधी दोघं असायचो, तो आणि मी. नंतर तो एकटाच. कल्पनाचं लग्न भिवंडीला हॉलमध्ये झालं. बँड होता, भटजी होता. धवले नकोत असं तिनं स्पष्ट सांगितलं. मी हट्ट केला नाही. नवरीची आई म्हणून शालू नेसून खुर्चीवर बसले आणि आलेल्या पाहुण्यांना नमस्कार करत राहिले.

या सगळ्याच्या आधीचं, अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराचं एक लग्न मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. ते माझ्या नणंदेचं, बेबीचं. घरचंच कार्य. आणि नवरीची आई म्हणजे माझी सासू.

तिनं धवले झालेच पाहिजेत असं मालकांना बजावलं होतं. सून धवलारीण असताना दुसरीला कशाला बोलवायचं, असा रुबाब. मला वाटलं, इतक्या वर्षांनी तिच्या मनात काही मऊ झालं असेल. लग्नाच्या आदल्या दिवशी मी रीतीप्रमाणे तिला एकटीला गाठलं आणि माहेरचं नाव विचारलं. सासरी तिचं नाव गंगा होतं, पण ते मी रेशनकार्डाबाहेर कधी ऐकलं नव्हतं. थोरल्या मुलाच्या नावानं तिला सगळे बालूची आय म्हणत.

ती म्हणाली, माझं नाव घ्यायचं नाही. मी म्हटलं, सगळ्या गावच्या आयांचं घेते, घरच्या आईचं घेतलं नाही तर लोक काय म्हणतील? ती म्हणाली, सांगितलं तेवढं कर.

मला संताप आला. पोर घेतली, जावळ घेतलं, आता माझ्या धवल्यातही हात घालते, असं वाटलं. मी ठरवलं की धवला तसाच म्हणायचा आणि नावाच्या जागी तिलाच अडचणीत पडू द्यायचं.

सोपवणी आली. बाया आता त्याच धवल्यासाठी थांबत, त्या पुढे सरकल्या. मी ओळ उचलली. मायच्या आधी कोन व्हती गो. आणि थांबले. मांडव वाट बघत होता. सासू ताट धरून उभी होती, मान खाली. गर्दीत तिच्या माहेरची एक म्हातारी भावजय होती. ती सांगायला म्हणून पुढे झाली, तोंड उघडलं. सासूनं मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्या बाईच्या डोळ्यांत मी भीती कधी पाहिली नव्हती. म्हातारीनं तोंड मिटलं. माझ्या मनातला संताप तिथंच निवला. का ते मला कळलं नव्हतं, पण मी नावाची जागा रिकामी सोडली आणि पुढची ओळ घेतली. बाया कुजबुजल्या. बेबीची बोळवण झाली.

पाहुणे गेल्यावर आम्ही दोघी मागच्या दारी मोठी पातेली घासत होतो. मी काही विचारलं नव्हतं. तीच बोलू लागली.

"आमी पाच भयनी. पाचवी मी. बापानं बारसा केलाच न्हाय. सगली मना नकोशी बोलवायची, तां तेच नाव पडला. लगीन ठरला तवा सासऱ्यानं नाव इचारला, तां बाप बोल्ला, तुमाला आवडंल तां ठेवा."

तिनं पातेलं उलटं करून तळ घासायला घेतला.

"आनि तू सगल्या मांडवासमोर इचारतेस, मायच्या आधी कोन व्हती. मी नकोशी व्हती. ओ देऊ?"

आई होण्यानं नाव जातं, याचंच मी इतकी वर्षं दुःख केलं आणि त्याचा धवला केला. आई झाल्यानं एखादीचं नाव झाकलं गेलं आणि तिला हायसं वाटलं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बालूची आय ही तिच्यासाठी बढती होती. माझ्या पोरीला तिनं का एवढं कवटाळून ठेवलं होतं, तेही मला त्या पातेल्यांपाशी थोडं कळलं. कळलं म्हणून त्यातलं काही मला परत मिळालं नाही.

मी म्हटलं, आई, तुम्ही एखादं नाव सांगा. तुम्हाला हवं असेल ते, आपल्या मनानं. अजून कल्पना आहे तुमच्या घरात, तिच्या लग्नात आजीच्या नावानं धवला घेईन.

ती हसेल किंवा झिडकारेल असं वाटलं होतं. ती विचारात पडली. पुढचे कितीतरी दिवस मी बघत होते, शेजारपाजारच्या पोरींना कुणी हाक मारली की ती हातातलं काम थांबवून ऐकायची. एखादं नाव ओठात घोळवल्यासारखं करायची.

पावसाळ्याच्या तोंडावर आम्ही अंगणात सुकट निवडायला बसलो होतो. मी विचारलं नव्हतं, तरी ती म्हणाली,

"लय इचार केला गो. एकपन नाव माजं वाटत न्हाय."

मग तिनं सूप माझ्याकडे सरकवलं आणि उरलेली तू निवड म्हणून सांगितलं.